मुख्य घर नसलेली तार

परवा सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून तुझं नाव घेतलं, जैतून. तुझं नाव, तुझ्या नवऱ्याचं नाव, वस्तीचं नाव आणि माती कधी द्यायची ती वेळ. वारं आमच्या अंगाचं होतं, त्यामुळं शब्द न् शब्द आला. मी अंगणात शेंगा फोडत होते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की आता माझ्या वेळी भोंग्यावर कोण सांगणार? आमच्यात तशी रीत नाही. आमच्यात एक जण फटफटीवर बसतो, चार वस्त्यांना सांगतो आणि पाचवी विसरतो. जन्मभर तुझा आवाज माझ्यापेक्षा लांब गेला. जातानाही तू तेच केलंस.

सून म्हणाली, "आई, रडा की थोडं. मन मोकळं होईल."

मी म्हटलं, "रडते, पण आधी चिडू दे."

जियारतीला तुझ्या दारात आले तर मांडवात बसायला जागा नव्हती. तुझी नातवंडं, त्यांचे मित्र, यवतच्या बाजारातले दुकानदार, ओळखीपाळखीचे सगळे. एक चष्मेवाला पोरगा सांगत होता, "जैतूनआजीनं गावात पहिला रेडिओ आणला." मी तिथल्या तिथं त्याला थांबवलं. म्हटलं, "बाळा, पहिला रेडिओ चावडीचा. हिचा दुसरा." तुझ्या मांडवात, तुझ्या तिसऱ्या दिवशी, मी तुझा नंबर खाली आणत होते. तू असतीस तर पदरात तोंड घालून हसली असतीस.

पण खरं ते खरं. पहिला चावडीचाच.

महाराष्ट्र झाला त्याच्या मागंपुढं पंचायतीला तो रेडिओ मिळाला होता. लाकडी कपाटात बसवलेला, खाली भली मोठी बॅटरी, भिंतीवर कर्णा. कपाटाला कुलूप आणि किल्ली आण्णा सरपंचांच्या कोपरीच्या खिशात. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. पुढं आण्णा, मागं पुढारी, त्यांच्यामागं बाकीचे बाप्ये. बायांनी चावडीपुढून जाताना मान वर करायची नाही, तिथं बसून ऐकणं कुठलं आलंय. आणि आपण तर वस्तीवरच्या. गाव भीमेच्या काठाला, आपल्या वस्त्या रानात पांगलेल्या, ओढ्याच्या दोन्ही अंगाला. आण्णा पाहुण्यांच्या लग्नाला गेले की किल्ली पण लग्नाला जायची. सगळं गाव मुकं. पाऊस कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही, कारण ते आण्णांच्या खिशात.

असल्या गावात तू सून म्हणून आलीस. माहेर दौंडचं, जंक्शनच्या मागच्या चाळीतलं. तुझा नवरा, रहिमानभाई, रेल्वेच्या तारेवर लाईनमन, खांबावर चढणारे. आठवड्याला नदी ओलांडून घरी यायचे आणि पिशवीतनं कांदे-बटाट्यांऐवजी वायरीचे तुकडे काढायचे. गावातल्या बाया म्हणायच्या, बिचारीला भंगारवाला मिळाला. मी पण म्हणायचे. माझं लग्न तुझ्या आधी वर्षभर झालेलं, त्यामुळं मी स्वतःला मुरलेली समजत होते. त्या वेळची पारू म्हणजे काय सांगू. नाकात नथ नाही, पण नाक नथ घातल्यासारखं वर.

एके दिवशी तू निरोप धाडलास, दुपारच्याला या, गंमत ऐकवते. आम्ही पाच-सहा जणी आलो. तुझ्या बाभळीवरनं एक तार चिंचेवर गेलेली, तिथनं खाली घरात. फळीवर बांबूचं नळकांडं, त्यावर तांबडी तार गुंडाळलेली, शेजारी चमकणारा एक खडा आणि त्या खड्यावर टेकलेली सुई. रहिमानभाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारातनं लष्कराचे मोडके हेडफोन आणले होते, त्याच्या दोन डब्या तू वेगळ्या करून ठेवलेल्या.

"ह्याला बॅटरी कुठं हाय?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बोलतंय कसं?"

"आभाळातनं येतंय तेवढ्यावरच बोलतंय. तू कानाला लाव. आन् हात लांब ठेव, सुई हालंल."

हात लांब ठेव. हे सगळ्यांसमोर मला. मी डबी कानाला लावली. आत एक माणूस बारीक आवाजात, रिकाम्या भांड्यात माशी अडकावी तसा, पण स्वच्छ, पुण्याच्या बाजारातला कांद्याचा भाव सांगत होता. माझ्या अंगावर काटा आला. आणि मी डबी खाली ठेवून म्हटलं, "मला तर काय ऐकू येत न्हाई बाई. ह्या कानात न्हाई आन् त्या कानात बी न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "असू दे. काहींचा कान उशिरा उघडतो."

बाया हसल्या. त्या हसण्याची जागा मला आजही दाखवता येईल.

तेव्हा मला वाटलेलं, आता ही आपल्या घरी दरबार भरवणार. तू उलटंच केलंस. म्हणालीस, प्रत्येकीनं आपापला करायचा. तार मी आणून देते, खडा देते, कानाच्या डब्या देते, पण गुंडाळायचं ज्याचं त्यानं. मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? एक घर ठरवू, तिथं सगळ्या जमू. आमचं घर मध्यावर हाय, विहिरीपाशी हाय. मुख्य घर आमचं."

"मुख्य घर नक्को," तू म्हणालीस. "एकीच्या घरात ठेवला की ती आण्णा व्हती. उद्या तू माहेरी गेलीस तर आम्ही काय तुझ्या माहेरी यायचं?"

"मी किल्ली ठेवून जाईन."

"बघ. आत्ताच किल्ली आली."

हे आपलं पहिलं भांडण. ते शेवटपर्यंत मिटलं नाही, हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. दोन म्हाताऱ्या साठ वर्षं मुख्य घर असावं की नसावं यावर भांडतात.

मग मी पण तार घेतली, हिरमुसून. आम्ही मूळचे मेंढरामागं फिरणारे. सासऱ्यांच्या काळात वस्ती बसली, विहीर झाली, ज्वारी पिकायला लागली, पण हातातली लोकर सुटली नव्हती. चालता चालता सूत काढायचं आणि गुंडा करायचा, हे मला झोपेत जमायचं. म्हणून मी तुझी ती तांबडी तार घेतली आणि एका बैठकीत तिचा झकास गुंडा केला. उभा, आडवा, तिरका, लिंबासारखा गोल. सगळ्यांच्या आधी झाला म्हणून ओढा ओलांडून धावत दाखवायला आणला.

तू तो तळहातावर घेतलास, फिरवून बघितलास.

"अगे पारू, ह्याची घोंगडी विणायची हाय का?"

तेव्हा कळलं, की नळकांड्यावर एका तारेला शेजारची तार टेकवत, एक पदरी, शाळेतल्या रांगेसारखी बसवायची असते. गुंडा केला की आत सगळं एकमेकांत घुटमळतं. मी रडवेली होऊन तो सोडवला. पण दुसऱ्यांदा केला तो बघायला रहिमानभाईंना तू बोलावलंस. ते म्हणाले, "दौंडच्या वर्कशॉपात असा कुणी गुंडाळत न्हाई." तू त्यांना कोपर मारलंस. म्हणजे कधीमधी तुलाही जळायला यायचं. त्या कोपरावर मी कितीतरी दिवस काढले.

पुढचं सगळं तुझ्या डोक्यातनं निघालं, तेवढं मान्य करते. ऐकायच्या डबीत उलटं बोललं तरी दुसऱ्या टोकाच्या डबीत ऐकू जातं, मध्ये सेल नको की बॅटरी नको, हे रहिमानभाईंना कामावर ठाऊक झालेलं. त्याचं वस्तीवर काय करायचं, ते तू ओळखलंस. बाभळींवर सोडावॉटरच्या बाटल्यांच्या मानेचे तुकडे बांधून एक तार या वस्तीवरनं त्या वस्तीवर गेली. दुसरी तार लागते, मग ती? तू म्हणालीस, "दुसरी जमीन." प्रत्येक घरामागं लोखंडी खुंटी ठोकली. बोलायच्या आधी खुंटीवर तांब्याभर पाणी ओतायचं. जमीन वाळली की आवाज वाळतो. आपल्याकडं पाण्याचे हाल, तरी तो तांब्या कुणी चुकवला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला "जमिनीचं तोंड धुणं" म्हणायच्या.

दिवेलागणीच्या आधी, धारा झाल्या की सगळ्या डब्या तारेला अडकवायच्या. मग कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोराला खोकला, शिरूरच्या बाजाराला कोण निघालंय. ज्याच्या खड्यावर पुणं नीट लागलं त्यानं बातम्या सांगायच्या. कुणी अध्यक्ष नाही, कुणी पुढं, कुणी मागं नाही. त्यात एक खोड होती. जितक्या डब्या तारेला लागतील तितका आवाज वाटला जायचा. दोघीच असतील तर खणखणीत, सगळ्या असतील तर भाकरीचे तुकडे करून पंगतीला वाढल्यासारखा. म्हणून बोलून झालं की डबी तारेवरनं काढून खुंटाळ्याला टांगायची. हा नियम.

तो नियम मी मोडत होते हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण का मोडत होते, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगते.

आत्याबाईंची नजर गेली होती. त्या दिवसभर पडवीत बसायच्या. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "पाणी दे", "कोंबड्या कोंडल्या का", "मीठ जास्त पडलंय". दुपारी मी रानात जाते असं बघून तू त्यांना तारेवर धरायचीस. आणि त्या हसायच्या, जैतून. मी एकदा विसरलेलं खुरपं न्यायला परत आले तर पडवीतनं हसण्याचा आवाज. मला वाटलं, कोण पाहुणी आली? बघते तर आत्याबाई, डबी कानाशी, बोळकं उघडं. लग्न झाल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. ते तुला फुकट मिळत होतं.

आमच्या वाट्याला आलेल्या दोन डब्यांतली एक पडवीत होती. दुसरी मी गोठ्यात नेली. मालकांना सांगितलं, गाणी ऐकवली की म्हैस दूध जास्त देते. त्या माणसानं विश्वास ठेवला, देवमाणूस. रोज दुपारी मी रानात जायचं सोंग करायचे, मागनं गोठ्यात शिरायचे, वैरणीत बसायचे आणि तारेला आकडा टाकायचे. मी आकडा टाकला की तुमचा आवाज खाली बसायचा. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "मावशी, जरा मोठ्यानं बोला. वासरू सुटलंय, दूध पितंय."

आत्याबाई म्हणाल्या, "कुणाचं वासरू?"

"असंच. भुकेलं दिसतंय. पिऊ दे."

संतापानं मी डबी आपटणार होते, पण मग ऐकू आलं नसतं. तेव्हापासून तू मला वासरू म्हणायला लागलीस, आणि मी काहीच ठाऊक नसल्यासारखं "का गं असं म्हणतीस?" विचारायचे. काय ती पारू. शेपटी बाहेर ठेवून गवतात लपलेली.

मी ऐकत होते ते एकाच गोष्टीसाठी. आत्याबाई माझ्याबद्दल काय म्हणतात. मला वाटायचं, नक्की गाऱ्हाणी सांगत असतील. सून आळशी, सून उर्मट, सुनंला भाकरी थापता येत नाही. तसं काही ऐकलं असतं तर मी भांडले असते, सुखी झाले असते. पण तुम्ही आण्णांच्या घोरण्यावर बोलायचात, गुळाच्या ढेपेवर बोलायचात, आत्याबाईंच्या माहेरच्या मेंढ्यांची नावं घ्यायचात. माझं नाव कधीच नाही. बरं नाही, वाईट नाही. जसं त्या घरात सूनच नव्हती. निंदा करण्याइतकीही मी त्यांना दिसत नाही, आणि त्या आंधळ्या म्हातारीला ओढ्यापलीकडची जैतून मात्र दिसते. या एका गोष्टीनं मी आतनं जळत राहिले. रोज वाटायचं, आज तरी. रोज आकडा टाकायचे.

मग लढाईचं साल आलं.

दौंडच्या जंक्शनवरनं फौजेच्या गाड्या जायला लागल्या. दिव्यांना काळा कागद. रहिमानभाईंना घरी यायला सुट्टी मिळेना. आणि कुणीतरी, कुणी ते आजवर कळलं नाही, तालुक्याला कळवलं की ओढ्यापलीकडं एका घरात यंत्र आहे, नवरा रेल्वेच्या तारेवर, बायको कानाला डबी लावून बसते, गाड्यांची बातमी बाहेर जाते. घर कुणाचं ते सांगायला नको. तार सात-आठ घरांत होती. पण लोकांच्या तोंडी आलं ते एकच घर, तुझं.

सकाळची वेळ होती. फौजदार दोन शिपाई घेऊन आला, बरोबर आण्णा. तुझ्या अंगणात सगळे जमले. पुरुष मागं उभे, तोंडाला कुलूप. बाया पदर ओढून कुंपणापाशी. आत्याबाईंना मी हाताला धरून आणलेलं. शिपायांनी तुझा फळीवरचा रेडिओ बाहेर आणून मातीत ठेवला.

"मुख्य मशीन कुठं आहे?" फौजदारानं विचारलं.

"न्हाई साहेब, असं काही न्हाई."

"ही तार कुठं जाते?"

"पारूच्या घरी."

"तिथनं?"

"तिथनं पुढच्या घरी. मग अजून पुढं."

"शेवटी कुठं जाते?"

"शेवटी खुंटीला, साहेब. जमिनीत."

आण्णा म्हणाले, "साहेब, ही बाई हुशार हाय. सरळ सांगायची न्हाई."

फौजदार तरुण होता, थकलेला दिसत होता. त्याला वाटत होतं की कुठंतरी एक मोठी पेटी असणार आणि ती सापडली की काम झालं. पेटीच नाही, म्हटल्यावर त्याचा संशय वाढला. "दुपारी तू एकटी कुणाशी बोलतेस? आम्हाला माहिती आहे."

"मावशीशी."

"काय बोलतेस?"

तू गप्प झालीस. आता मला कळतं का ते. म्हातारीच्या चार गोष्टी, गुपितं, चोरून खाल्लेला गूळ, ते चारचौघांत कसं सांगायचं. पण त्याला ते गप्प बसणं दुसरंच वाटलं. त्यानं आत्याबाईंना विचारलं.  म्हणाल्या, "म्या आंधळी म्हातारी. मला काय ठावं." भ्याल्या बिचाऱ्या. फौजदारानं शिपायाला सांगितलं, "घ्या हिला. ठाण्यात बोलेल." तुझा धाकटा कडेवर होता. तू त्याला खाली ठेवलंस.

मी तुला खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात काय आलं. आलं की, बघा, फौजदार पण हिच्याच दारात आला. तार माझ्या घरातनं जाते, डबी माझ्या गोठ्यात आहे, पण देशाला धोका म्हणून सुद्धा मला कुणी विचारत नाही.

आणि मग मी पदर कानामागं खोचला आणि पुढं झाले. सासरी आल्यापासून परक्या बाप्यासमोर पहिल्यांदा. मागं मालक होते, आण्णा होते, हाताला आत्याबाई होत्या. जे बोलणार ते बोलल्यावर त्या घरात मला जागा राहील का, ठाऊक नव्हतं. सासूचं बोलणं चोरून ऐकणारी सून. त्या काळी यापेक्षा लहान कारणानं बायका माहेरी पोचवल्या जायच्या.

"साहेब, मी सांगते. मी रोज ऐकते."

"तू कोण?"

"मधलं घर."

"काय ऐकतेस?"

"समदं. काल आत्याबाई म्हणाल्या, 'जैतून, गुडघ्याला काय लावावं?' ही म्हणाली, 'मावशी, निरगुडीचा पाला शेका.' आत्याबाई म्हणाल्या, 'आगं, पाला आणणार कोण, म्या?' मग ही म्हणाली, 'आमच्या शबानाला धाडते.' मग आत्याबाईंनी इचारलं, 'तुझ्या कोंबडीनं अंडी घातली का?' ही म्हणाली, 'घातली, पण आण्णांच्या कुंपणात.'"

मागं कुणीतरी खुसखुसलं. मी दोघींचे आवाज काढत होते, मला न कळत. आत्याबाईंचा घोगरा, तुझा दौंडी लाडिक.

"परवाचं सांग," फौजदार म्हणाला. त्याला वाटलं, पाठ करून आलीय.

परवाचं सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशीचं सांगितलं. कोणत्या मेंढीचं नाव काय होतं आणि ती कोणत्या सालच्या दुष्काळात मेली. खीर करताना गूळ दुधात कधी टाकला की दूध नासत नाही. नवऱ्याला सुट्टी मिळत नाही म्हणून तू रडलीस, आणि आत्याबाईंनी तुला काय सांगून हसवलं. एकच गोष्ट मी गाळली, ती चोरून खाल्लेल्या गुळाची. मग आण्णांची गोष्ट आली. चावडीतला रेडिओ चालू झाला की आण्णा घोरायला लागतात आणि पुढारी त्यांच्या घोरण्यालाच कार्यक्रम समजून माना डोलावतात, ही तू आत्याबाईंना सांगितलेली. मी ती पण सांगितली, घोरण्यासकट.

शिपाई तोंड फिरवून हसले. फौजदारानं टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. आण्णा बाभळीकडं बघत राहिले.

"आणि गाड्यांचं? रेल्वेचं?"

"रेल्वेचं एकदा निघालं होतं साहेब. आत्याबाईंनी इचारलं, रेल्वेत बसल्यावर चप्पल काढावी लागती का."

त्यानं तुला नेलं नाही. लढाई संपेपर्यंत तार काढा, म्हणाला, आणि डब्या पोत्यात भरून घेऊन गेला. बांबूची नळकांडी बघितली, पण आमच्या घरातल्या लोकर कातायच्या चात्यांशेजारी ठेवलेली, त्याला वाटलं तसलंच काहीतरी. ती राहिली.

तो गेल्यावर तू पोराला उचललंस आणि माझ्याजवळ आलीस. मला वाटलं आता गळ्यात पडेल, उपकार म्हणेल. मी तशी उभी पण राहिले होते. तू म्हणालीस, "प्यालेलं समदं दूध ओकलं गं वासरानं." आणि मग खालीच बसलीस, मातीत. मी पण बसले.  हे मी कुणाला सांगत नाही.

गावात नंतर काय झालं? लोक म्हणाले, जैतून धीराची, फौजदारापुढं डगमगली नाही. मी बोलले ते कुणाच्या लक्षात राहिलं ते आण्णांच्या घोरण्यापुरतं.

लढाई संपली, रहिमानभाईंनी जुन्या बाजारातनं परत डब्या आणल्या, तार पुन्हा ओढली. तू मला एकदा विहिरीवर म्हणालीस, "बघ, मुख्य घर असतं तर त्यानं एक कुलूप लावून समदं बंद केलं असतं. मुख्य न्हाई म्हणून वाचलं."

मी म्हटलं, "मुख्य घर माझं असतं तर तो माझ्या दारात आला असता. तुझ्या न्हाई."

तू हसायला लागलीस आणि मग थांबलीस. त्या दिवशी मी जळून बोलले होते. तुलाही तसंच वाटलं. पण नंतर अनेक वर्षं मला हे बोलणं टोचत राहिलं. तू एवढं जपलंस की कुणी मुख्य नको, आणि गावानं तुझ्या नावातच मुख्य शोधला. आडनाव वेगळं म्हणून. मी म्हणत होते तसं झालं असतं, तर तू त्या सकाळी माझ्यामागं उभी असतीस. या वादात दोघी बरोबर होतो, हे आपण एकमेकींना म्हणालो नाही. म्हणालो असतो तर वाद संपला असता, आणि मग तू माझ्याकडं कशाला आली असतीस?

पुढं घरोघर ट्रान्झिस्टर आले. मालकांनी चामडी पिशवीतला आणला, तो मी मुद्दाम तुझ्या ओट्यावर नेऊन लावला. तू ऐकलंस, म्हणालीस, "छान हाय. आवाज मोठा हाय. पण ह्यात आपल्याला बोलता कुठं येतंय?" माझ्या नव्या ट्रान्झिस्टरचं दूध तिथंच नासलं.

आता शेवटचं. त्या सकाळनंतर मी आत्याबाईंना घरी आणलं, पडवीत बसवलं आणि वाट बघत राहिले. आता बोलतील, आता मालकांना सांगतील, हिला पोचव. त्यांनी चाचपडत भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाल्या, "मला ठावं व्हतं, तू गोठ्यात असतीस ते."

"कुणी सांगितलं?"

"जैतूननं. पहिल्याच दिवशी. आन् अट घातली तिनं मला. पारूबद्दल एक शबुद बोलायचा न्हाई. चांगला न्हाई, वाईट न्हाई. बोललात तर मी डबी टाकून देईन, म्हणाली."

एवढं सांगून त्यांनी पाणी मागितलं. नंतर तो विषय काढू दिला नाही, आणि दोन-तीन वर्षांत गेल्या.

जैतून, ही अट तू का घातलीस? त्या निंदा करत होत्या आणि मला लागू नये म्हणून? की त्या कौतुक करत होत्या आणि ते मला फुकट मिळू नये म्हणून? म्हणजे पहिल्या दिवसाच्या आधी, वासरू सुटायच्या आधी, त्या तुला काहीतरी बोलल्या होत्या. त्याशिवाय अट कशाला घालावी लागते? ते तुझ्यापाशी होतं. माझ्या सासूचं माझ्याबद्दलचं मत, माझ्या हक्काचं, साठ वर्षं तुझ्यापाशी.

गेल्या महिन्यात मी तुझ्या खाटेशी बसून विचारलंच. तू डोळे मिटून पडलेली.

"जैतून, आत्याबाई माझ्याबद्दल काय म्हणायच्या गं?"

डोळे न उघडता म्हणालीस, "सांगितलं तर तू उद्या यायची न्हाईस."

"येईन."

"मग उद्या सांगते."

मी रोज आले. रोज तू तेच म्हणालीस, आणि रोज मी चिडून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तुझी सून म्हणायची, मावशी किती जीव लावतात. मी म्हणायचे, जीव नाही गं, वसुली. आणि परवा तू ते घेऊन गेलीस. इतकं मोठं काही कुणी माझ्याकडनं नेलं नव्हतं. मालकही गेले ते मला सगळं सांगून गेले, त्यांना सांगण्यासारखं फार नव्हतं म्हणून म्हण. तू मात्र ठेवून घेतलंस, आणि त्यासाठी का होईना, रोज उठून ओढा ओलांडायचं मला कारण दिलंस. आता गुडघे दुखत असूनही पाय दुपारी आपोआप तिकडं वळतात. मग मी अंगणात तशीच उभी राहते.

आता आत्याबाई तिकडं आणि तूही तिकडं. दुपारची वेळ, दोघींना काम नाही. मी नाही. हे मला बघवत नाही. तुमची जागा वेगळी, आमची जागा वेगळी, असं लोक म्हणतात. खरं असेल तर बरंच आहे, तुला आधी मधलं अंतर बघावं लागेल, खांब शोधावे लागतील. पण रहिमानभाई आधीच पोचलेत, म्हणजे फार दिवस लागायचे नाहीत. म्हणून घाईनं हे लिहिलं. तू आत्याबाईंना जी अट घातली होतीस ती तिकडंही चालू ठेव. मी येईपर्यंत माझ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही.